मोडलेले हाड आणि ऑपरेशनची भीती

चैत्र-वैशाखात सातपुड्यातल्या पाड्यांवर घरोघरी आमचुराचे काम चालते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात कैऱ्या उतरवायला माणसे आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढतात. बाया आणि मुले खाली बसून कैऱ्या सोलतात, कापतात, वाळत घालतात. त्याआधी मोहाचा हंगाम झालेला असतो. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या होतात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या असतात. शिवाय आता गावागावांत मोटारसायकली आल्या आहेत. वर्षाचा कोणताही महिना घ्या, आमच्या भागात कोणाचे ना कोणाचे हाड मोडलेले असतेच.

अशा वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पाय कापणार तर नाहीत ना?" दुसरा प्रश्न खर्चाचा असतो. दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना हसून चालणार नाही. पण या भीतीपायी जे दिवस वाया जातात, त्याच दिवसांत पुष्कळदा हात किंवा पाय जातो. म्हणून कोणत्या मोडीला ऑपरेशन लागते, ते कशासाठी करतात, आणि आपण पाड्यावर काय करू शकतो, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहे. आशाताई, शिक्षक, मंडळीतले सेवक आणि तरुण स्वयंसेवक यांनी ते वाचून इतरांना सांगावे, अशी विनंती आहे.

भीती कुठून येते

जवळजवळ प्रत्येक गावात लोकांनी कोणाचा तरी कापलेला पाय पाहिलेला असतो. तो माणूस दवाखान्यात दोन पायांनी गेला आणि एका पायाने परत आला, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. दवाखान्यात जाण्याआधीचे आठ-दहा दिवस कोणी मोजत नाही. त्या दिवसांत काय झालेले असते? हाड कातडी फोडून बाहेर आलेले असते आणि त्या जखमेवर पाला, शेण किंवा माती बांधलेली असते. नाहीतर बांबूच्या कामट्या इतक्या आवळून बांधलेल्या असतात की बोटे आधी सुजतात, मग थंड पडतात आणि शेवटी काळी होतात.

हातापायाचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. मेलेला भाग पुन्हा जिवंत करणारे औषध नाही. तो तसाच ठेवला तर त्याचे विष अंगात भिनून माणूस दगावतो. अशा वेळी डॉक्टर पाय कापतात ते जीव वाचवण्यासाठी. गावात मात्र "दवाखान्यात पाय कापला" एवढीच बातमी पोहोचते. पुढे दुसरा कोणी झाडावरून पडतो, लोकांना तो पाय आठवतो आणि यालाही उशिरा आणले जाते. उशीर झाल्यामुळे पाय जातो आणि पाय गेलेला पाहून पुढचा माणूस उशीर करतो. हे रहाटगाडगे थांबवायचे असेल तर आधी हाड जुळते कसे, हे समजून घ्यावे लागेल.

हाड जोडते ते शरीर

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत असते, त्यात रक्त खेळते. हाड मोडले की त्या जागी रक्ताची गाठ जमते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ, कुर्चेसारखा भराव तयार होतो. पुढच्या काही आठवड्यांत त्यात चुना भरून तो घट्ट होतो आणि नंतर महिनोन् महिने शरीर त्याला घासूनपुसून मूळ हाडाचा आकार देत राहते. लहान मुलाचे मनगटाजवळचे हाड चार ते सहा आठवड्यांत जुळते. मोठ्या माणसाच्या मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

आंब्याचे कलम बांधताना दोन्ही काप एकमेकांना नीट भिडावे लागतात, ते हलून चालत नाही आणि जागा स्वच्छ असावी लागते. हाडाचेही तसेच आहे. रक्तपुरवठा, स्थिरपणा, तुकड्यांची जवळीक आणि जंतूंपासून बचाव, एवढे मिळाले की हाड आपले आपण जुळते. प्लास्टर असो वा ऑपरेशन, दोन्ही या चार गोष्टींसाठीच असतात. प्लेट, स्क्रू आणि रॉड हाड जोडत नाहीत. शरीर जोडकाम करीत असताना ते तुकड्यांना जागेवर धरून ठेवतात.

म्हणून प्रत्येक मोडीला ऑपरेशन लागत नाही. गळ्याजवळचे हाड बहुधा हात गळ्यात बांधून ठेवला की जुळते. जागेवरून न सरकलेली मनगटाची किंवा हाताची मोड प्लास्टरमध्ये बरी होते. मुलांची बरीचशी हाडे याच प्रकारात येतात. ऑपरेशनचा विचार होतो तो अवघड मोडींसाठी: हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, मोड सांध्याच्या आत गेली असेल, हाडाचे अनेक तुकडे झाले असतील, रक्तवाहिनी किंवा नस दुखावली असेल, मांडीचे हाड मोडले असेल किंवा मोडलेल्या भागाला मुळातच रक्त कमी पोहोचत असेल.

मोड सांध्यात गेली तर

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कुर्चेचा थर असतो. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर सपाट बसल्या तर जाते हलके फिरते. एका तळीवर टेंगूळ राहिले तर जाते अडते आणि दोन्ही तळ्या झिजतात. गुडघा, घोटा, कोपर किंवा खुबा यांच्या आत मोड गेली आणि तुकडे खालीवर जुळले, तर सांध्याची गत त्या जात्यासारखी होते. एक-दोन मिलिमीटरचा उंचसखलपणाही पुढे त्रास देऊ शकतो. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने ती झिजली की पूर्वीसारखी भरून येत नाही. तिशीतल्या माणसाचा गुडघा मग साठीतल्यासारखा दुखू लागतो. ज्याला रोज डोंगर चढायचा-उतरायचा आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ रोजगार जाणे असा होतो.

असे तुकडे बाहेरून दाबून किंवा ओढून सपाट बसत नाहीत. सांधा उघडून, डोळ्यांनी पाहून ते बसवावे लागतात आणि स्क्रू किंवा प्लेटने धरून ठेवावे लागतात.

ऑपरेशनचे दुसरे कारण बऱ्याच लोकांना माहीत नसते. सांधा फार दिवस प्लास्टरमध्ये ठेवला की तो आखडतो. हाड जुळते, पण गुडघा वाकत नाही. उकिडवे बसता येत नाही, झाडावर चढता येत नाही, भाताची लावणी करता येत नाही. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जनांनी एकत्र येऊन या प्रश्नावर काम सुरू केले. हाड इतके पक्के धरायचे की काही दिवसांतच सांधा हलवता यावा, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. आज जगभर सांध्याच्या मोडीचे ऑपरेशन याच विचाराने होते. त्यामुळे ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांतच फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवायला सांगतात, तेव्हा घरच्यांनी त्यांच्यावर रागावू नये. त्या हालचालीसाठीच ऑपरेशन केलेले असते.

सांधा निखळणे हीदेखील तातडीची गोष्ट आहे. गाडीच्या धडकेत गुडघा पुढच्या भागावर आपटला की खुब्याचा गोळा उखळीतून मागे निसटतो. पाय आखूड दिसतो, गुडघा आत वळलेला राहतो आणि माणसाला पाय हलवता येत नाही. हा गोळा शक्यतो सहा तासांच्या आत परत बसवावा लागतो. उशीर झाला तर त्याचे रक्त तुटते आणि वर्षा-दोन वर्षांत तो ढासळू लागतो. हे काम भूल देऊन करायचे असते. पाच जणांनी धरून पाय ओढण्याचे हे काम नव्हे.

मुलांचे कोपर

झाडावरून पडताना मूल हात टेकते आणि कोपराच्या थोडे वरचे हाड मोडते. मुलांमध्ये ही मोड फार आढळते. त्या जागी हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा अगदी हाडाला लागून जातात. सरकलेल्या हाडाचे टोक त्यांना दाबू शकते. त्यात वरून घट्ट पट्टी बांधली तर हाताच्या पुढच्या भागातले स्नायू रक्तावाचून मरतात आणि पुढे पंजा कायमचा आकसून वळतो. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये हा विकार लिहून ठेवला आणि घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखवले. एवढ्या वर्षांनंतरही असे वळलेले पंजे घेऊन शाळेत बसलेली मुले आपल्याला भेटतात, ही दुःखाची गोष्ट आहे.

या मोडीवरचे ऑपरेशन तुलनेने लहान असते. भूल देऊन हाड जागेवर बसवतात, दोन किंवा तीन बारीक तारा घालतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्या तारा काढून टाकतात. बहुतेक मुलांचा हात पुन्हा चांगला चालतो.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे आवळून बांधलेली पट्टी. दुसरी म्हणजे तेल लावून चोळणे. दुखावलेले कोपर जोराने चोळले की आसपासच्या स्नायूंतच हाड तयार होऊ शकते आणि कोपर जागच्या जागी घट्ट होते. चोळणारी आजी प्रेमानेच चोळत असते. तिला न रागावता हे कारण समजावून सांगावे.

मांडीचे हाड आणि रॉड

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत मोठे हाड आहे. ते मोडले की बाहेर थेंबही न दिसता मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. आमच्या भागात अनेक बायांच्या अंगात आधीच रक्त कमी असते. त्यांच्यासाठी हा धोका जिवावरचा असतो. पाय लाकडाला बांधून स्थिर केला की रक्तस्राव आणि वेदना दोन्ही कमी होतात.

पूर्वी अशा रुग्णाला पायाला वजन लावून दोन-तीन महिने खाटेवर झोपवून ठेवत. १९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ट क्युंट्शर या सर्जनने मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून ते आतून धरून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत जखमी झालेले काही सैनिक मायदेशी परतले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या मांडीचे एक्स-रे पाहून आश्चर्य केले. लोक ज्याला "रॉड टाकला" म्हणतात ती हीच पद्धत. आता त्या सळईला वर आणि खाली आडवे स्क्रू लावतात, म्हणजे हाड फिरत नाही आणि आखूडही होत नाही. रुग्ण काही दिवसांत वॉकर घेऊन उभा राहतो. खाटेवर पडून राहिल्याने होणारा न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा टळतात.

हे आडवे स्क्रू नेमके बसवण्यासाठी ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र लागते. ते सगळीकडे नसते. अमेरिकेतले सर्जन लुईस झर्कल यांनी १९९९ मध्ये साइन नावाची संस्था सुरू केली आणि अशा यंत्रावाचून बसवता येईल असा रॉड गरीब देशांतल्या हॉस्पिटलांना पुरवला. अवघड हाडाचे चांगले उपचार मोठ्या शहराबाहेरही होऊ शकतात, हे त्यातून दिसते.

"अंगातले लोखंड गंजत नाही का?" असे लोक विचारतात. हे साधे लोखंड नसते. शरीरात टिकेल असे खास स्टील किंवा टायटॅनियम त्यासाठी वापरतात. मोठ्या माणसात त्रास नसेल तर ते आयुष्यभर आत राहिले तरी चालते. वाढत्या मुलांत बऱ्याचदा नंतर काढून टाकतात.

हाड बाहेर आले असेल तर

मोडलेल्या हाडाशी जखम असेल तर ती मोड उघडी समजतात. जखम लहान असली तरी हेच लागू आहे. यात सर्वांत मोठा शत्रू जंतू असतो. प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन पहिल्या तासाभरात मिळाले तर उत्तम. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेत असेल तर तिथेच ते आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पुढे जावे. हॉस्पिटलमध्ये भूल देऊन जखम कित्येक लिटर सलाइनने धुतात, मेलेले मांस आणि माती काढतात आणि गरज पडल्यास दोन दिवसांनी पुन्हा धुतात. तोपर्यंत हाड धरून ठेवायला बाहेरून चौकट लावतात. पायातून बाहेर आलेल्या पिना आणि त्यांना जोडणारी दांडी पाहून नातेवाईक घाबरतात. पण जखम रोज दिसावी, साफ करता यावी आणि हाडही हलू नये, यासाठीच ती असते.

कधी जंतूंनी हाडाचा एक भाग खाल्लेला असतो आणि मध्ये अंतर पडलेले असते. पूर्वी असा पाय कापत. सायबेरियातल्या कुर्गान भागात गावठाणात काम करणारे डॉक्टर गावरील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय शोधला. पायाभोवती गोल कड्या बसवायच्या, त्या बारीक तारांनी हाडाला जोडायच्या, चांगल्या भागात हाडाला काप घ्यायचा आणि तो काप दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे पाव मिलिमीटर चार वेळा, असा हळूहळू लांबवायचा. मागे पडणाऱ्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. पाच सेंटिमीटर अंतर भरायला पन्नास दिवस लागतात आणि ते नवे हाड घट्ट व्हायला आणखी कितीतरी वेळ जातो. प्रत्येक सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना कड्या पायावर राहतील, असा हिशेब घरच्यांना आधीच सांगून ठेवावा. तो न सांगितल्यामुळे दोन महिन्यांत कंटाळून कड्या काढायला लावणारी कुटुंबे असतात आणि मग सारे श्रम वाया जातात.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा

आजी अंगणात घसरून पडते. नंतर तिचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तिला उठवत नाही. "लचक भरली असेल" म्हणून तिला कोपऱ्यात खाटेवर ठेवले जाते. हे बहुधा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचे, खुब्याजवळचे मोडणे असते. त्या जागेला मुळात रक्त कमी पोहोचते आणि काही मोडी आपोआप जुळतच नाहीत. आजी पडून राहिली की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो आणि काही महिन्यांत ती जाते. लोक म्हणतात, वय झाले होते. खरे तर ती पडून राहिल्यामुळे गेलेली असते.

यात शक्य असेल तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करतात. मोडीच्या जागेप्रमाणे स्क्रू, रॉड किंवा धातूचा गोळा बसवतात आणि दुसऱ्या दिवशी धरून उभे करतात. वय जास्त आहे म्हणून ऑपरेशन नको, असे घरीच ठरवू नये. ते भूलतज्ज्ञांना ठरवू द्यावे.

सिकलसेल असल्यास आधी सांगा

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण अनेक आहेत. या आजारात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले, थंडी वाजली की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला उबदार ठेवणे, पुरेसे सलाइन आणि प्राणवायू देणे, कधी आधी रक्त देणे, अशी तयारी डॉक्टर करतात. पण त्यांना आजार माहीत असला तरच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासणीनंतर मिळालेले कार्ड आधारकार्डाबरोबर ठेवावे आणि दवाखान्यात पहिल्याच भेटीत दाखवावे.

सिकलसेलमध्ये न पडताही खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तरुण मुलगा लंगडू लागला, खुबा किंवा मांडी सतत दुखू लागली, तर भगताकडे फेऱ्या न मारता एक्स-रे काढून घ्यावा.

पाड्यावरून दवाखान्यापर्यंत

१. आधी श्वास आणि रक्तस्राव पाहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखमेवर घट्ट दाब द्या. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. पाला, हळद, शेण, तेल काही लावू नका.

२. हातापायातली कडी, बांगड्या, वाळे, अंगठ्या सूज येण्याआधीच काढा.

३. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरतील एवढ्या लांब कामट्या घ्या. त्यांवर गोधडीचे कापड गुंडाळा आणि मग बांधा. काही नसेल तर मोडका पाय चांगल्या पायाला बांधा.

४. बांधल्यावर बोटे उघडी ठेवा. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत ते पुन्हा लाल झाले पाहिजे. बोटे थंड, पांढरी, निळी किंवा बधिर झाली, किंवा बोट हलवताच असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सैल करा आणि वेळ न घालवता निघा.

५. उंचावरून पडलेल्या माणसाला झोळीत घालू नका. झोळीत पाठ वाकते. पाठीचा कणा किंवा खुबा मोडला असेल तर त्याने आणखी इजा होते. चार-पाच जणांनी एकदम उचलून खाटेवर किंवा फळीवर सरळ ठेवा आणि खाटच उचलून रस्त्यापर्यंत न्या.

६. जेवण, ताडी किंवा दारू देऊ नका. भूल देण्यासाठी पोट रिकामे लागते. कधी पडला आणि शेवटचे काय, केव्हा खाल्ले, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. पाड्यावर गाडी येत नसेल तर ती कुठपर्यंत येईल हे फोनवरच ठरवून घ्या. रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तरी थांबायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखान्याने त्रास देऊ नये, यासाठी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. अशा मदतगाराला कायद्याच्या भाषेत "गुड समॅरिटन" म्हणतात. ते नाव लूकच्या शुभवर्तमानातल्या शमरोन्याच्या दाखल्यावरून आले आहे. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला होता. आज आपण त्याऐवजी स्वच्छ फडके बांधू. पण त्याने जखमीला आपल्या जनावरावर घालून नेले आणि त्याच्या खर्चाची सोय लावली, ते मात्र आजही तसेच करायचे आहे.

खर्चाचे काय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांतून नोंदणीकृत हॉस्पिटलांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात आणि त्यांत हाडांची अनेक ऑपरेशने येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, हाताला लगेच येईल असे ठेवा. अशा हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. त्याला आधी भेटा. तातडीच्या वेळी उपचार सुरू करून कागद नंतर देण्याची सोय असते, म्हणून कागद शोधण्यात रात्र घालवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड सोबत न्यावे. ते परराज्यातल्या नोंदणीकृत हॉस्पिटलातही चालते.

घरी आल्यावर अर्धे काम उरते

ऑपरेशन दोन-तीन तासांचे असते, पुढचे काम तीन-चार महिन्यांचे. सांगितलेले व्यायाम दुखले तरी रोज करावेत. पायावर किती आणि केव्हा भार द्यायचा, हे डॉक्टरांना नेमके विचारून घ्यावे. लवकर भार दिला तर प्लेट वाकते, अजिबात दिला नाही तर पाय वाळतो. बिडी आणि तंबाखू बंद ठेवावी, कारण त्यांनी बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळते. अंडी, डाळी, मासे, नाचणी, हिरव्या भाज्या, जे मिळेल ते पोटभर खावे. टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप भरला, दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

तपासणीच्या तारखा चुकतात त्या बहुधा बसभाड्यापायी आणि मजुरी बुडते म्हणून. घरात कमावता माणूस एकच असतो आणि तोच खाटेवर असतो. आपल्या स्वयंसेवकांनी अशा प्रत्येक रुग्णाच्या तारखा आपल्या वहीत लिहून ठेवल्या आणि एकदा सोबत गेले, तरी पुष्कळ पाय वाचतील.

हाडवैद्याशी वैर नको

पाड्यावर हाड मोडले की पहिला बोलावला जातो तो हाडवैद्य. तो जवळ असतो, आपल्या बोलीत बोलतो, हप्त्याने पैसे घेतो. साध्या मोडी त्याने बांधल्या आणि त्या जुळल्या, हेही लोकांनी पाहिलेले असते. त्याला लबाड ठरवून आपण काहीच साधत नाही. त्याच्याजवळ बसून चार खुणा पक्क्या कराव्यात: मोडीशी जखम, बोटे थंड किंवा बधिर, मोड सांध्याजवळ आणि मांडी किंवा खुबा. यांतली एकही दिसली तर हात न लावता पाठवायचे. कांडवेलीचा लेप बंद कातडीवर लावायचाच असेल तर लावू द्या, पण जखमेवर नको आणि वरून आवळून बांधणे नको. आमच्या भागातल्या एका वयस्क हाडवैद्याने हे मनावर घेतले. आता मुलांची कोपरे ते स्वतःच गाडीत बसवून पाठवतात आणि लोक त्यांचे ऐकतात, कारण पाठवणारे ते असतात.

या वर्षी आमचुराचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पाड्यावर चार लांब कामट्या, जुन्या कापडाच्या पट्ट्या आणि एक रिकामी खाट कोणाच्या घरी मिळेल, एवढे ठरवून ठेवू या. वापरून झालेल्या कुबड्या आणि वॉकर कोणाकडे असतील तर ते आमच्या कार्यालयात पोहोचवावेत. आणि ज्यांचे ऑपरेशन होऊन जे आज शेतात उभे आहेत, त्यांना पाड्याच्या बैठकीत बोलायला बोलवावे. कापलेल्या पायाची गोष्ट गावभर पोहोचते. वाचलेल्या पायाची गोष्टही आपण तितक्याच दूरवर पोहोचवू या.